गुनपेई योकोई: मुरलेल्या तंत्रज्ञानातून गेम बॉय घडवणारा माणूस

नवा मोबाईल घ्यायचा म्हटलं की आपण सगळे एकच काम करतो. दोन-तीन मॉडेल शेजारी-शेजारी ठेवतो आणि आकडे बघत बसतो. रॅम किती, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, स्क्रीन किती हर्ट्झची, प्रोसेसर यंदाचा की गेल्या वर्षीचा. ज्याचे आकडे मोठे तो फोन भारी. गेमिंगवाल्यांमध्ये तर हा वाद कधी संपतच नाही. मलाही हे तक्ते वाचायला आवडतात, खोटं कशाला बोलू? पण तक्त्यात न बसणाऱ्या काही गोष्टी असतात, आणि वस्तू चालेल की पडेल हे बरेचदा त्याच ठरवतात. हे ज्या माणसाच्या आयुष्यातून सगळ्यात नीट कळतं, त्याच्याबद्दल आज सांगतो.

त्यांचं नाव गुनपेई योकोई. जगभरच्या गेमिंगवाल्यांना हे नाव माहीत आहे, आपल्याकडे मात्र ते फारसं कानावर पडत नाही. त्यांनी केलेली एक गोष्ट तरी तुमच्या अंगठ्याखालून नक्की गेली असणार. गेमच्या रिमोटवर डाव्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखं बटण असतं ना, वर-खाली-डावी-उजवी जायचं? ते बटण योकोईंच्या डोक्यातून आलं. गेम बॉयही त्यांचाच. आणि निन्टेन्डो या कंपनीला पत्ते छापणाऱ्या कारखान्यातून गेमच्या धंद्यात आणणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये त्यांचं नाव फार वरचं आहे.

पत्त्यांच्या कारखान्यातला मेंटेनन्सवाला

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योतो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि १९६५ साली गावातच निन्टेन्डो कंपनीत नोकरीला लागले.

तेव्हाच्या निन्टेन्डोचा व्हिडिओ गेमशी काही संबंध नव्हता. १८८९ साली सुरू झालेली ही कंपनी हानाफुदा नावाचे पत्ते बनवायची. आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफा असतात, तसेच हे जपानचे परंपरेतले पत्ते. ४८ पानं, १२ महिने आणि प्रत्येक महिन्याचं एक फूल किंवा झाड. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पोराला तिथं काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. यंत्रं बिघडली की दुरुस्त करायची, नाही बिघडली की रिकामं बसायचं.

या रिकाम्या वेळात योकोईंनी एक गंमत बनवली. एकमेकांत अडकवलेल्या पट्ट्यांचा लांब हात. जुन्या लिफ्टचा जाळीचा दरवाजा कसा मिटतो आणि पसरतो, अगदी तसा. मुठी जवळ आणल्या की हात पुढे जाणार आणि टोकाचा चिमटा वस्तू पकडणार. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात फेरी मारायला आले आणि त्यांच्या नजरेला हे पडलं. त्यांनी योकोईंना ऑफिसात बोलावलं. कामाच्या वेळेत खेळत बसलो म्हणून आता शिव्या बसणार, असंच योकोईंना वाटलं. यामाउचींनी मात्र त्यांना त्या खेळण्याचा विकता येईल असा माल तयार करायला सांगितलं.

१९६६ साली ते ‘अल्ट्रा हँड’ नावानं बाजारात आलं आणि त्याचे १० लाखांच्या वर नग विकले गेले. देखभाल करणारे योकोई आता नवीन खेळणी शोधणारे योकोई झाले. लक्षात घ्या, त्या खेळण्यात नवीन तंत्रज्ञान शून्य होतं. पट्ट्या, खिळे आणि चिमटा, बस.

स्वस्त सामान, वेगळा उपयोग

पुढच्या काही वर्षांत योकोईंनी जी खेळणी केली, ती बघताना मला प्रत्येक वेळी एकच सूत्र दिसतं. बाजारात आधीपासून असलेली, स्वस्त झालेली वस्तू उचलायची आणि तिच्याकडून भलतंच काम करून घ्यायचं.

१९६९ चा ‘लव्ह टेस्टर’ घ्या. एका मुलानं आणि एका मुलीनं एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातात यंत्राचा धातूचा एकेक गोळा घ्यायचा, आणि काटा प्रेम किती आहे ते दाखवणार! आत होता वीज मोजणारा साधा मीटर. दोघांच्या अंगातून अगदी बारीकसा प्रवाह जायचा आणि हाताला घाम असेल तसा काटा कमी-जास्त हलायचा. प्रेमाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण त्या काळच्या जपानमध्ये मुलीचा हात धरायला निमित्त मिळत नव्हतं, आणि हे खेळणं ते निमित्त देत होतं. लोकांना खरं काय हवंय, हे मीटर बनवणाऱ्यांपेक्षा योकोईंना जास्त कळलं होतं.

१९७० च्या सुमाराला त्यांनी प्रकाशाची बंदूक काढली. बंदुकीतून प्रकाशाचा झोत सुटायचा आणि समोरच्या निशाणात सौर सेल बसवलेला असायचा. सौर सेल म्हणजे विजेसाठी वापरायची चीज, योकोईंनी तो नेम लागला की नाही हे ओळखायला वापरला. हीच कल्पना पुढे उलटी फिरवून टीव्हीवर आली. बदकं मारायचा तो गेम आठवतोय? त्यात बंदूक प्रकाश सोडत नाही, बघते. घोडा दाबला की क्षणभर स्क्रीन काळी होते, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीला तो चौकोन दिसला तर नेम लागला. तो ‘डक हंट’ योकोईंच्याच विभागातला.

मला सगळ्यात आवडतं ते १९७२ चं ‘लेफ्टी आरएक्स’. रिमोटवर चालणाऱ्या गाड्या तेव्हा फार महाग होत्या, कारण डावीकडे वळ, उजवीकडे वळ अशा प्रत्येक हुकमासाठी वेगळी यंत्रणा लागायची. योकोईंनी एकच हुकूम ठेवला. बटण दाबलं की गाडी डावीकडे वळणार, नाही दाबलं तर सरळ जाणार. उजवीकडे वळायची सोयच नाही. किंमत एकदम खाली आली. आणि गोल ट्रॅकवर शर्यत लावायची तर उजवीकडे वळायचंय कशाला?

सगळंच जमलं असं नाही. १९७३ मध्ये निन्टेन्डोनं प्रकाशाच्या बंदुकांची मोठी निशाणबाजी केंद्रं उघडली, ओस पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, ऑर्डरी रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली. सामान स्वस्त का ठेवायचं, हा प्रश्न निन्टेन्डोच्या लोकांसाठी नुसता पुस्तकी नव्हता.

आगगाडीतला कंटाळलेला माणूस

सत्तरच्या दशकात जपानमध्ये कॅल्क्युलेटरची लढाई चालली होती. शार्प आणि कॅसिओ एकमेकांच्या वर किमती पाडत होते. दशकाच्या सुरुवातीला टेबलावर ठेवायचं महागडं यंत्र असलेला कॅल्क्युलेटर दशक संपेपर्यंत खिशात आला. एलसीडी स्क्रीन आणि छोट्या चिपा ढिगानं बनू लागल्या आणि मातीमोल झाल्या.

योकोई एकदा बुलेट ट्रेननं प्रवास करत होते. समोर एक नोकरदार माणूस वेळ जात नाही म्हणून कॅल्क्युलेटरची बटणं नुसतीच दाबत बसला होता. योकोईंनी तिथं गिऱ्हाईक पाहिलं. मोठा माणूस, सूट घातलेला, चारचौघांत खेळणं काढायला लाजणारा. त्याच्यासाठी तळहातात मावेल, मांडीवर ठेवून दोन अंगठ्यांनी खेळता येईल आणि बाकीच्यांच्या पटकन लक्षात येणार नाही असा गेम हवा.

ही कल्पना यामाउचींपर्यंत कशी पोचली तीही गंमत आहे. अध्यक्षांच्या गाडीला एके दिवशी ड्रायव्हर नव्हता. गाडी परदेशी, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. ती चालवता येणारा माणूस म्हणून योकोईंना बसवलं. वाटेत त्यांनी सहज विषय काढला. योकोई पुढे सांगत, त्याप्रमाणे साहेबांनी ऐकलं की नाही तेही त्यांना कळलं नव्हतं. पण त्या दिवशीच्या बैठकीत यामाउचींची शार्पच्या अध्यक्षांशी गाठ पडली आणि थोड्याच दिवसांत शार्पची माणसं निन्टेन्डोच्या दारात आली.

एप्रिल १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ मालिकेतला पहिला गेम आला, ‘बॉल’. कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवर आकड्यांच्या रेघा आधीच कोरलेल्या असतात आणि हव्या तेवढ्याच पेटतात. इथं आकड्यांच्या जागी माणूस आणि चेंडू कोरलेले होते. एक चित्र विझवायचं, शेजारचं पेटवायचं, की चेंडू हलल्याचा भास होतो. वर घड्याळही दिलं, म्हणजे खेळत नसाल तेव्हाही ते उपयोगाला येईल. या मालिकेतले जवळपास ६० वेगवेगळे गेम निघाले आणि जगभरात मिळून ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले. निशाणबाजीच्या भानगडीत झालेलं कर्जही याच पैशातून फिटलं.

ते अधिकचं बटण

१९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ हा मोठ्या पेटीतला गेम आला. तो शिगेरू मियामोतो या तरुणानं रचला आणि त्याच्यावर देखरेख योकोईंची होती. पुढे ‘मारिओ ब्रदर्स’च्या वेळी मारिओ कितीही उंचावरून पडला तरी त्याला काही होऊ नये, हा आग्रहही योकोईंचाच. मारिओला आपण जे ओळखतो त्यात ती धडपडी उडी किती महत्त्वाची आहे, हे सांगायला नको.

१९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ची खिशात मावणारी आवृत्ती करायची ठरली. मोठ्या पेटीवर खेळताना दांडा, म्हणजे जॉयस्टिक असायची. पण हे यंत्र पुस्तकासारखं मिटणारं होतं. वर आलेला दांडा मिटताना मोडणार किंवा खिसा फाडणार. चार वेगळी बटणं दिली तर अंगठा बघून-बघून हलवावा लागणार. योकोईंनी चारही दिशा एकाच सपाट, अधिकच्या आकाराच्या तुकड्यात आणल्या. मध्ये टेकू, चार टोकांखाली चार बटणं. एका बाजूला दाबलं की दुसरी बाजू वर उचलली जाते, त्यामुळे डावं आणि उजवं एकदम दाबलं जात नाही. अंगठ्याला कडा लागतात म्हणून खाली न बघता दिशा कळते.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडायचे जे ‘कॅसेटवाले’ गेम आले, त्यांच्या रिमोटवर हेच बटण होतं. सुट्टीत मारिओ आणि काँट्रा खेळून ज्यांच्या डाव्या अंगठ्याला घट्टा पडला, त्यांना योकोईंचं नाव माहीत नव्हतं एवढंच.

गेम बॉय: तक्त्यात हरलेला, दुकानात जिंकलेला

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये गेम बॉय विकायला आला. किंमत १२,५०० येन. आता आजच्या पद्धतीनं त्याचा तक्ता मांडून बघा. स्क्रीन १६० बाय १४४ बिंदूंची. रंग नाहीतच, हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा. मागून उजेड नाही. प्रोसेसर ८ बिटचा, वेग साधारण ४ मेगाहर्ट्झ.

त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला. रंगीत स्क्रीन, मागून उजेड. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गियर आला, तोही रंगीत आणि उजेडवाला. आज कुणी तुलनेचा व्हिडिओ केला असता तर गेम बॉयला पहिल्या मिनिटातच बाद केलं असतं.

निकाल काय लागला? गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांच्या वर विकले गेले. गेम गियर १ कोटीच्या आसपास थांबला. लिंक्स त्याच्याही मागे.

कारण समजून घ्यायला सेल मोजू. गेम बॉयला पेन्सिल सेल ४ लागायचे आणि ते साधारण १५ तास चालायचे. लिंक्स आणि गेम गियरला ६ लागायचे आणि ते चार-पाच तासांत मान टाकायचे. म्हणजे १५ तास खेळायला गेम बॉयला ४ सेल आणि समोरच्याला जवळपास २४. रंगीत स्क्रीनला मागून उजेड द्यावाच लागायचा आणि तो उजेड देणारी छोटी ट्यूब सगळे सेल पिऊन टाकायची. गेम बॉय आजूबाजूच्या उजेडावर काम भागवायचा. अंधारात तो दिसायचा नाही हे खरं, पण खिडकीजवळ, बसमध्ये, गच्चीवर झकास दिसायचा. शिवाय अमेरिकेत तो ९० डॉलरच्या आसपास होता आणि लिंक्स त्याच्या दुप्पट. मुलाच्या हातात द्यायची वस्तू, ती हरवणार, पडणार. आईबापांनी काय निवडलं ते उघड आहे.

गेमही तसाच मिळाला. मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये केलेला टेट्रिस अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यातच दिला होता. वरून पडणाऱ्या ठोकळ्यांना रंग लागत नाहीत आणि वेगवान प्रोसेसरही लागत नाही. आपल्याकडे जत्रेत आणि स्टेशनबाहेर नव्वदच्या दशकात ‘९९९९ इन १’ लिहिलेले ठोकळ्यांचे गेम मिळायचे, ते निन्टेन्डोचे नव्हते. पण स्वस्त एलसीडी, पेन्सिल सेल आणि टेट्रिस हा जो मेळ त्यांत होता, तो आधी गेम बॉयनं जुळवून दाखवलेला.

इथं दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक म्हणजे गेम बॉय एकट्या योकोईंचा नाही. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांनी आग्रह धरला म्हणून तो कॅसेट बदलता येणारा, टिकाऊ यंत्र झाला. योकोईंच्या मनात ‘गेम अँड वॉच’च्या जवळ जाणारं, आणखी साधं काहीतरी होतं. दुसरी म्हणजे स्वस्ताईलाही हद्द होती. सुरुवातीला निवडलेली एलसीडी थोडी तिरपी धरली की काहीच दिसायचं नाही. यामाउचींनी ती बघून सगळा प्रकल्प गुंडाळायची भाषा केली. योकोईंची झोप उडाली. शेवटी त्याहून बरी, तिरकस बघितलं तरी दिसणारी एलसीडी वापरली आणि गाडी पुढे गेली. रंगाशिवाय चालतं, पण दिसल्याशिवाय चालत नाही.

मुरलेलं आणि शिळं

योकोईंच्या या पद्धतीला जपानीत एक नाव आहे. त्याचा शब्दशः अर्थ होतो वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार. इंग्रजीतून हे वाचणाऱ्याला वाळलेलं म्हणजे मेलेलं वाटतं आणि घोटाळा होतो. जपानी इंजिनिअर हा शब्द पूर्ण तयार झालेल्या, खोडी कळलेल्या तंत्रज्ञानासाठी वापरतात. मला वाटतं, आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: मुरलेलं. लोणचं मुरतं तसं. कैरीचा कच्चेपणा गेला, मीठ-तिखट आत उतरलं, आता दगा देणार नाही. तंत्रज्ञान मुरलं की ते स्वस्त होतं, त्याचे दोष माहीत होतात, दुरुस्त करणारे मिळतात.

आडवा विचार म्हणजे त्याला भलत्याच ठिकाणी नेऊन बसवणं. कॅल्क्युलेटरची स्क्रीन गेममध्ये, सौर सेल निशाणात.

मुरलेलं आणि शिळं मात्र वेगळं. जुनं ते सोनं असं योकोई कधी मानत नव्हते. जुन्या वस्तूचा नवा उपयोग सापडला नाही, तर ती नुसती जुनी.

लाल रंगाचा खड्डा

याच माणसानं २१ जुलै १९९५ रोजी बाजारात आणलेला ‘व्हर्च्युअल बॉय’ निन्टेन्डोच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या आपटींपैकी एक ठरला.

हा डोळ्यांना लावून बघायचा गेम होता, खोली दाखवणारा. मूळ तंत्र एका अमेरिकी कंपनीचं. आत प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल एलईडींची एकच उभी ओळ आणि तिच्यासमोर वेगानं थरथरणारा आरसा. दिवाळीत फुलबाजी गोल फिरवली की डोळ्यांना उजेडाचं कडं दिसतं, त्याच तत्त्वावर ही एक ओळ पूर्ण चित्र उभं करायची. रंग फक्त लाल, कारण लाल एलईडी स्वस्त आणि कमी वीज खाणारे. चांगला उजेड देणारे निळे एलईडी तर १९९३ मध्ये नुकते कुठे आले होते आणि महाग होते.

यंत्र डोक्यावर बसवायचा विचार मागे पडला आणि ते दोन पायांच्या स्टँडवर आलं. टेबलावर ठेवायचं, मान वाकवून त्यात तोंड घालायचं. डोळे दुखतात, डोकं धरतं अशा तक्रारी आल्या. खेळणाऱ्याला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरच्यांना आतलं. सुमारे ७ लाख ७० हजार नग विकले गेले आणि वर्षभराच्या आत दुकान बंद.

स्वस्त लाल एलईडी घेतले म्हणून हे फसलं, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. चार हिरवट छटा चालल्या, तर दोन-चार लाल छटा का चालू नयेत? माझ्या मते फरक सुरुवातीतच आहे. ‘गेम अँड वॉच’च्या आधी आगगाडीतला माणूस होता, ‘लव्ह टेस्टर’च्या आधी हात धरायला लाजणारी पोरं होती. ‘व्हर्च्युअल बॉय’च्या आधी एक भारी स्क्रीन होती. ती कुणासाठी, तो माणूस कुठं बसून, कसा खेळेल, याचं उत्तर शेवटपर्यंत सापडलं नाही. खिशात मावत नाही, टीव्हीसमोर सगळ्यांनी मिळून बघता येत नाही. शिवाय थरथरत्या आरशांची ती स्क्रीन घरगुती वापरात मुरलेलीही नव्हती. योकोईंचं सूत्र इथं हरलं असं मी म्हणणार नाही, ते इथं वापरलंच गेलं नाही.

शेवटचं एक वर्ष

१५ ऑगस्ट १९९६ ला योकोईंनी निन्टेन्डो सोडली. ३१ वर्षांची नोकरी. ‘व्हर्च्युअल बॉय’मुळे त्यांना काढलं अशी कथा आजही फिरते. योकोईंनी स्वतः ती नाकारली होती. पन्नाशीनंतर स्वतःचं काहीतरी करायचं, हे त्यांच्या मनात आधीपासून होतं.

जाण्याच्या आधी त्यांनी ‘गेम बॉय पॉकेट’ पुरा केला. आकारानं लहान, स्क्रीन जास्त स्वच्छ आणि दोनच बारीक सेलांवर चालणारा. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘पोकेमॉन’ आला होता. दोन गेम बॉय वायरनं जोडायची सोय १९८९ पासून होती. त्या वायरीतून प्राणी एकमेकांना देता येतील ही ‘पोकेमॉन’ची कल्पना. सात वर्षं जुनं झालेलं यंत्र त्यामुळे पुन्हा उसळलं.

योकोईंनी क्योतोतच ‘कोतो’ नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी खिशातल्या नव्या गेमवर काम सुरू केलं. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा भागातल्या होकुरिकु द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीची पुढच्या ट्रकला धडक बसली. नुकसान किती झालं ते बघायला ते खाली उतरले, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीनं त्यांना उडवलं. वय ५६.

तो नवा गेम त्यांच्या पश्चात, ४ मार्च १९९९ ला आला. नाव ‘वंडरस्वान’, किंमत ४,८०० येन, चालायला एकच पेन्सिल सेल आणि तोही ३० तासांच्या वर पुरणारा. उभा धरून खेळा किंवा आडवा. त्याच्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या गेमला योकोईंच्या नावावरूनच ‘गुनपे’ नाव दिलं होतं.

आपल्या खिशाचा हिशेब

निन्टेन्डो पुढेही याच वाटेनं गेली. २००६ चा ‘वी’ ताकदीत समोरच्यांच्या बराच मागे होता, पण हात हलवून खेळायची सोय घेऊन आला आणि १० कोटींच्या वर विकला गेला. आपल्या ओळखीचं उदाहरण हवं तर २००३ चा नोकिया ११०० आठवा. रंगीत स्क्रीनवाले, कॅमेरावाले फोन आलेले असताना हा काळा-पांढरा फोन. पण टॉर्च, धूळ न शिरणारा कीपॅड आणि दिवसेंदिवस चालणारी बॅटरी. २५ कोटींच्या आसपास विकला गेला. वीज जाणाऱ्या गावात टॉर्चला किती किंमत असते ते तुलनेचा तक्ता सांगत नाही. नोकियात योकोई नव्हते, पण विचार त्यांच्याच जातीचा.

म्हणून फोन असो, टॅब असो की गेमिंगचा लॅपटॉप, आकडे बघण्याआधी मी स्वतःला विचारतो: हे मी कुठं बसून, किती वेळ आणि कशासाठी वापरणार? लोकलच्या गर्दीत उभं राहून वापरणार असेन तर वजन आणि बॅटरी आधी, मेगापिक्सेल नंतर. यंदाच्या प्रोसेसरपेक्षा गेल्या वर्षीचा, तपासून झालेला आणि हजारो रुपयांनी उतरलेला फोन बरेचदा जास्त शहाणपणाचा असतो. फक्त मुरलेलं आणि शिळं यातली रेघ सांभाळा. ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट यायचे थांबले, बॅटरी बदलून मिळत नाही, तो कितीही स्वस्त पडला तरी शिळा. त्यावर बँकेचं ॲप टाकू नका.

आणि एखादी वस्तू नवी, चमकदार वाटली पण ती नेमकी कुणासाठी आहे हे दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर ‘व्हर्च्युअल बॉय’ आठवा आणि एक वर्ष थांबा. तोवर ती मुरेल तरी, नाहीतर गायब तरी होईल.